संत्र्याच्या अहवालाचं श्रवण

आमच्या संस्थेच्या घटनेत एक कलम आहे. संस्थेचा कुठलाही अहवाल छापायला जाण्याआधी नियामक मंडळासमोर तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचायचा. सभासदांनी प्रश्न हवे तेवढे विचारावेत, पण एकही शब्द घालू, काढू किंवा बदलू नये. आणि जे तिथे वाचलं गेलं नाही, ते छापू नये. नोंदणीच्या वेळी हे वाचून कचेरीतला कारकून म्हणाला होता म्हणे, "ही संशोधन संस्था आहे की हरिनाम सप्ताह?" तेव्हापासून आम्ही या वाचनाला श्रवणच म्हणायला लागलो.

कलमाचा पहिला भाग अध्यक्षांचा. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते. ते म्हणायचे, "सही करणारा माणूस वाचत नाही. मला विचारा, मी आयुष्यभर सह्याच केल्या. म्हणून त्याला बसवून ऐकवायचं." दुसरा भाग, शब्दाला हात न लावण्याचा, बाईंचा. त्यांचं म्हणणं असं की मंडळानं संस्था चालवावी, माणसं नेमावीत, हिशेब तपासावेत, हवं तर संचालकाला घरी पाठवावं. पण निष्कर्षाला हात लावू नये. "तुम्हाला कान दिले आहेत, हात नाहीत," असं अध्यक्ष प्रत्येक श्रवणाच्या सुरुवातीला सभासदांना बजावायचे आणि स्वतःच हसायचे.

बाई म्हणजे आमच्या संचालक. तेव्हा पस्तिशीच्या असतील. वडील कापडगिरणीत कामाला होते. छप्पन साली सगळ्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होत्या. पुढे तेच शिकवायला लागल्या, आणि एक दिवस पक्की नोकरी सोडून नागपुरातल्या सदर भागात एका शिलाई मशीनच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी ही संस्था काढली. जकात, नळाचं पाणी, एस.टी.चे मार्ग अशा विषयांचा अभ्यास करायचा आणि सरकारनं काय करायला हवं ते पुराव्यानिशी मांडायचं, हे आमचं काम. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात हे काम कुणाला समजावून सांगणं अवघड होतं. माझ्या घरी तर फारच. आमचं घर महाल भागातलं, भोसल्यांच्या काळापासून लेखणीवर जगलेलं. मी घरी 'एका संशोधन संस्थेत आहे' एवढंच सांगायचो. संचालकांचं आडनाव कुणी विचारलं की विषय बदलायचो. हे लिहिताना आजही मान खाली जाते. पण लिहायला हवं, कारण अवघड जागा गाळून पुढे जायची सवय मला घरीच लागली.

खजिनदार होते सेठ. संत्रा मार्केटातले मोठे अडते. शेतकऱ्यांचा माल त्यांच्या दुकानासमोर उतरायचा, तो ते व्यापाऱ्यांना विकून द्यायचे आणि आपली अडत घ्यायचे. शिक्षण जेमतेम, पण श्रवणाला कधी चुकले नाहीत. संस्थेला सरकारी अनुदान मंजूर होतं खरं, मात्र ते हातात पडेपर्यंत वर्ष सरत आलेलं असे. तोवर खोल्यांचं भाडं, आमचे पगार, कागद, शाई, सायकलचं पंक्चर, सगळं सेठ चालवायचे. काहून म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "लोकं मंदिरं बांधतात. मले मंदिरात झोप येते. इथं तरी भांडण ऐकाले भेटते."

संत्र्याच्या बाजाराचा अभ्यास करायचा असं बाईंनी मंडळासमोर मांडलं, तेव्हा सगळ्यांच्या माना सेठकडे वळल्या.

"माह्याकडे काहून पाहता?" सेठ म्हणाले. "करा ना. नागपुरात राहून संत्र्याचं नाही करान तर का नारळाचं करान?"

ते काम माझ्याकडे आलं. तो सबंध हंगाम मी सकाळी सकाळी सायकलनं मार्केटात जात होतो. नरखेड, काटोलकडचे ट्रक येऊन लागलेले असत. भाताच्या तणसावर संत्र्यांचे ढीग ओतलेले, आणि हवेत असा वास की नाकाला झिणझिण्या याव्यात. सौदा व्हायचा तो रुमालाखाली. अडत्या आणि घेणारा समोरासमोर उभे राहायचे, अडत्या खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचा, दोघांचे हात त्याखाली जायचे आणि बोटं दाबून भाव ठरायचा. तोंडानं मात्र पोरीच्या लग्नाच्या, नाहीतर पावसाच्या गप्पा चाललेल्या. ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून त्या कापडाकडे पाहत असे. मग अडत्या त्याला भाव सांगे. त्या कापडाखाली काय झालं, हे मालाच्या मालकाला कधीच कळत नसे.

बाईंनी तो भाग माझ्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतला. "तू पाहिलेलं एकीकडे ठेव, तुला वाटलेलं दुसरीकडे," असं म्हणून त्या कागद परत करायच्या. शेवटी दोन पानांचा मजकूर उरला. रुमालाखालचा सौदा बंद व्हावा आणि उघडा लिलाव सुरू व्हावा, ही अहवालातली सगळ्यात मोठी शिफारस त्या दोन पानांवर उभी होती.

त्याच हंगामात माझी आई आजारी पडली. ऑपरेशन करावं लागलं. सेठना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी आपली जीप पाठवली, डॉक्टरांशी बोलले, आणि माझे वडील येईपर्यंत हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिले. जाताना म्हणाले, "घाबरू नको गा. माय ठणठणीत होते तुही." तशी ती झालीही.

श्रवण रविवारी सकाळी होतं. नेहमीप्रमाणे वाचणारा मीच, कारण माझा आवाज स्वच्छ होता. अध्यक्ष आले, आणखी तिघं सभासद आले. सेठ आले ते संत्र्यांची करंडी घेऊन. सगळ्यांना वाटून झाल्यावर त्यांनी एक संत्रं स्वतः सोललं, वरच्या शिरा काढल्या आणि फोडी माझ्या हाताशी बशीत ठेवल्या. "घसा सुकन तुहा. लंबं आहे आज."

मी वाचायला लागलो. बागा, पाणी, वाहतूक, मालाची छाटणी. सेठ डोळे मिटून ऐकत होते. मधेच मान हलवत होते. रुमालाचा भाग जवळ आला तसं माझं लक्ष त्या बशीकडे जायला लागलं. मग हॉस्पिटलचा तो बाक डोळ्यांसमोर आला. मग पुढच्या महिन्याचा माझा पगार, खोल्यांचं भाडं, टायपिस्ट बाईंची दोन मुलं. मी आधी काही ठरवलं नव्हतं, हे अगदी खरं सांगतो. पण पान उलटताना माझ्या बोटांनी तीन पानं एकदम उलटली, आणि मी पुढच्या प्रकरणापासून वाचत राहिलो.

मी बाईंकडे पाहिलं नाही. त्यांना त्या अहवालाचा शब्दन् शब्द पाठ होता.

"थांब गा," सेठ म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "रुमालाचं कुठं गेलं?"

मी हातातली पानं उगाच सारखी केली.

"चार महिने तू माह्या दुकानासमोर उभा राहून रुमालाकडेच तर पाहून राहिला होता. माहा हमाल विचारे, सेठ, या पोराले रुमाल पाहिजे का? देऊन टाका एक." त्यांनी डोळे उघडले. "लिहिलं असन तर वाच. नसन लिहिलं, तर तुह्या पगाराचे पैसे गेले पाण्यात."

"पानं चिकटली असतील," मी म्हणालो.

"संत्र्याच्या रसानं?" अध्यक्ष म्हणाले.

मी मागे गेलो आणि ती दोन पानं वाचली. माझा तो स्वच्छ आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. शेवटची ओळ संपली तेव्हा सेठ अंगठ्यानं हनुवटी खाजवत होते.

"बराबर आहे," ते म्हणाले. "पण अर्धंच आहे. आणि 'काही अडते' काहून लिहिलं? मीच तं आहो तो. लिहा ना, संस्थेच्या खजिनदाराच्या दुकानातही असंच होते. नाही तं उद्या मार्केटातला एक एक जण म्हणन, सेठनं पैसे देऊन आपलं दुकान झाकलं."

"सेठ," अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला शब्द घालता येत नाही. कान आहेत, हात नाहीत."

"अन् जे अर्धं राहिलं ते?"

"तेही नाही. सभासद असेपर्यंत नाही."

मला वाटलं, झालं, आता सेठ खांदे उडवतील आणि विषय संपेल. नियमच त्यांच्या बाजूनं उभा होता. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं.

"मंग मी सभासद नाही," ते म्हणाले. "आता घ्या माहं म्हणणं. मार्केटातल्या माणसाचं."

"राजीनामा लेखी लागतो."

"काढा कागद. मजकूर तुम्हीच लिहा, मी सही करतो."

"कारण लिहावं लागेल," अध्यक्ष म्हणाले. त्यांचाही आवाज बदलला होता.

"लिहा, याले बोलाचं आहे म्हणून जाऊन राहिला."

त्यांनी सही केली. तो कागद अध्यक्षांच्या हातात जात असतानाच बाई बोलल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

"सेठ, आणखी एक गोष्ट आहे. आता तुम्ही आमच्या अहवालातले साक्षीदार झालात. ज्याची साक्ष अहवालात आहे त्याच्या पैशावर तो अहवाल छापता येणार नाही. संस्थाही चालवता येणार नाही. आजपासून तुमचे पैसे नकोत."

"हा अहवाल निघेपर्यंत?"

"नंतरही नाही. नंतर घेतले तर लोक म्हणतील आधीच ठरलं होतं."

"अन् भाडं, बाई?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे तुम्ही नाही."

सेठ हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "पाहा गा, साहेब," ते अध्यक्षांना म्हणाले, "जिंदगीभर लोकं माह्याकडे पैसे मागाले आले. नाही म्हणणारं माणूस आज भेटलं. तेही बाई माणूस. तेही महिनाअखेरीले!"

आज मी त्याच संस्थेचा कारभार पाहतो. दिल्लीला प्रस्ताव पाठवतो, अटी वाचतो, देणगीदारांशी गोड बोलतो. स्वायत्तता हा शब्द माझ्या पत्रांत इतक्यांदा येतो की टायपिस्ट तो न पाहता टाइप करते. पण तो शब्द घडताना मी एकदाच पाहिला आहे, त्या खोलीत. एक माणूस खरं बोलता यावं म्हणून आपला अधिकार सोडत होता, आणि त्याच्यासमोरची बाई ते खरं खरंच राहावं म्हणून त्याचे पैसे सोडत होती. दोघांपैकी कुणाचाही आवाज चढला नव्हता. मी बावीस-तेवीस वर्षांचा, हातात कागद धरून उभा होतो. माणसं एवढी मोठी असू शकतात आणि आपण रोज त्यांच्याबरोबर चहा पितो, हे मला झेपत नव्हतं.

"ये इकडे," सेठ मला म्हणाले. "हात दे."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला. त्यांचा तळवा कोरडा आणि गरम होता. त्यांनी माझी काही बोटं धरली, दाबली आणि सोडली.

"हा झाला भाव. समजला?"

"हो."

मग त्यांनी पुन्हा बोटं धरली. या वेळी एक बोट कमी होतं.

"अन् हा कोणता?"

मी कापडाकडे पाहिलं.

"हा शेतकऱ्याले सांगाचा," सेठ म्हणाले. "पहिला आमच्या दोघांचा, अडत्याचा अन् घेणाऱ्याचा. दुसरा त्याचा. मधातलं जे राहते, ते आमी दोघं वाटून घेतो. हरदम नाही, पण घेतो. मी बी घेतला आहे." त्यांनी रुमाल ओढून घेतला. "आता लिही. तू बाहेरून पाहिलं, म्हणून तुले एकच भाव दिसला."

सगळा हंगाम मी त्या कापडापासून हातभर अंतरावर उभा होतो. आता माझ्या बोटांना अजून ती दुसरी पकड जाणवत होती. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

सभा संपल्यावर जिन्यात मी बाईंना गाठलं. "पानं चिकटली नव्हती," मी म्हणालो.

"माहीत आहे. मी तोंड उघडलंच होतं, सेठ आधी बोलले."

"मी राजीनामा देतो."

"आज एक झाला," बाई म्हणाल्या. "संस्थेत कागद कमी आहे. उद्या सकाळी मार्केटात जा आणि सेठनी सांगितलं ते आणखी कुणाकडून पडताळता येतं का बघ. एका माणसाच्या शब्दावर आपण लिहीत नाही. तो सेठचा असला तरी."

पुढचे महिने कठीण गेले. मागची खोली सोडली. टाइपरायटर जिन्याच्या चौकात आला आणि टायपिस्ट बाई दुकानातल्या शिलाई मशीनच्या तालावर टाइप करायला लागल्या. आमचे पगार अर्ध्यावर आले. बाईंनी स्वतःचा घेतलाच नाही, संध्याकाळी शिकवण्या धरल्या. मंडळानं ठरवलं की यापुढे एका माणसावर संस्था टेकवायची नाही. थोडी थोडी वर्गणी देणारे पुष्कळ लोक जोडायचे. म्हणून मी एस.टी.नं नरखेड तालुक्यात हिंडायला लागलो. एका बागाईतदारानं मोटारसायकलवर बसल्या बसल्या मला विचारलं, "तुमच्या अहवालानं झाडाले संत्रे लागतात का गा?" मी नाही म्हणालो. "मंग कशाले पाहिजे?" मी त्याला दोन भावांची गोष्ट सांगितली. त्यानं गाडी बंद केली, उतरला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. वर्गणी दिली, वर पिशवीभर मोसंबी दिली. अशी माणसं भेटत गेली. आणखी दोन अडत्यांनी आणि एका म्हाताऱ्या खरेदीदारानं नाव न सांगण्याच्या अटीवर सेठचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं.

सेठच्या दुकानासमोर मात्र त्या दिवसांत खरेदीदार उभे राहत नव्हते. मार्केटात बातमी पसरली होती. त्यांचा मुलगा एकदा बाईंना रस्त्यात भेटला आणि तोंड फिरवून गेला. सेठ रिकाम्या गादीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत. मला पाहिलं की म्हणत, "या, रुमालवाले! झालं का लिहून?" नवा हंगाम सुरू झाला तेव्हा शेतकरीच आपण होऊन त्यांच्याकडे माल उतरवायला लागले, आणि माल तिथे आहे म्हटल्यावर खरेदीदारही आले. मार्केटात उघडा लिलाव यायला मात्र बरीच वर्षं लागली. तो आमच्या अहवालामुळे आला की काळच बदलत होता म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बाईंनी तसं लिहू दिलं नसतं.

लिलावाचं हे पुढचं. त्याआधी, त्या कठीण महिन्यांतच, पडताळणी झाल्यावर रुमालाचा भाग नव्यानं लिहिला होता, आणि जे वाचलं गेलं नाही ते छापता येत नाही, म्हणून पुन्हा श्रवण ठेवावं लागलं. मी बाईंना म्हणालो, या वेळी वाचायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

"तुझं अक्षर दुसऱ्या कुणाला लागतं?" त्या म्हणाल्या. तेवढंच.

उरलेल्या एका खोलीत मंडळ दाटीवाटीनं बसलं. सभासद नसलेल्याला श्रवणाला बसता येत नसे. त्यामुळे सेठ आत आले नाहीत. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर, टाइपरायटरशेजारी बसले. अध्यक्षांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "उकडतंय. दार उघडंच राहू द्या." डिसेंबर महिना होता.

मी वाचत गेलो. रुमालाचं प्रकरण आलं. मी पान उलटलं, ते एकच आहे हे बोटांनी चाचपून पाहिलं, आणि वाचलं. दोन भाव. पहिली पकड, दुसरी पकड. आणि मग ते वाक्य, की या संस्थेच्या माजी खजिनदारांनी, जे स्वतः अडते आहेत, आपल्या दुकानातही असे सौदे झाल्याचं सांगितलं असून या साक्षीनंतर संस्थेनं त्यांची देणगी घेणं थांबवलं आहे. तिथे माझा आवाज पुन्हा खाली गेला. मी थांबलो, घसा साफ केला, आणि जिन्यापर्यंत पोचेल अशा आवाजात ते वाक्य पहिल्यापासून वाचायला घेतलं.

"ऐकू आलं गा पहिल्याच खेपेले," बाहेरून सेठ म्हणाले. "पुढं वाच."

मी पुढे वाचलं.